पाण्यावरचा वस्तरा

आमच्या गल्लीत कुणालाही चहा विचारला तर तो हो म्हणतो किंवा नको म्हणतो. एकच गृहस्थ असा, की आधी "नाही" म्हणणार, मग खुर्ची ओढणार, मग साखर कमी पडली म्हणून कुरकुरणार आणि शेवटी कप चाटूनपुसून खाली ठेवणार. आईबापांनी ठेवलेलं त्याचं नाव कागदोपत्री असेल तर असो. गल्लीनं त्याला नाहीराव करून टाकलं. बायको तेवढी "अहो" म्हणते. तेही भांडण नसलं तर.

नाहीराव धंद्यानं न्हावी. एका खुर्चीचं दुकान. आरशाचा वरचा कोपरा तडकलेला, त्यामुळे उंच गिऱ्हाईकाला स्वतःची दोन कपाळं दिसायची. हात मात्र असा हलका, की दाढी झाल्यावर लोक गालावरून हात फिरवत विचारायचे, "सुरू कधी करणार?" तोंड तितकंच जड. "मिशा जरा बारीक करा," म्हटलं की उत्तर यायचं, "नाही. चेहरा उंदरासारखा दिसेल." गिऱ्हाईक चिडायचं, तणतणत निघून जायचं आणि आठवड्यानं परत यायचं, कारण चेहरा खरंच उंदरासारखा होता.

असा सगळा सुखाचा संसार चालला असताना घरमालकानं इमारत पाडायला काढली. खालच्या दुकानदारांना चंबूगबाळं आवरायला सांगितलं. शिंप्यानं कोपऱ्यावर जागा धरली, किल्लीवाला झाडाखाली बसला. नाहीरावाची खुर्ची मात्र घराच्या व्हरांड्यात आली आणि तिच्यावर बायको कपडे वाळत घालू लागली. त्या खुर्चीवर ओला टॉवेल दिसला की तो उचलून गुपचूप दोरीवर टाकायचा.

तेव्हा धावून आला तो थोरला भाऊ. धावून आला म्हणजे निरोप पाठवला, मुलाच्या सलूनमध्ये कामाला ये. थोरले स्वतः उंच स्टुलावरून सहसा उतरत नाहीत. मोठ्या रस्त्यावर त्यांच्या मुलाचं झगझगीत सलून आहे. काचेचं दार, मागे लवंडणाऱ्या खुर्च्या, कामगारांना काळे ॲप्रन आणि छातीवर प्रत्येकाच्या नावाची पट्टी. थोरल्यांनी स्वतः केव्हाच वस्तरा खाली ठेवला. आता ते गल्ल्याशेजारी बसतात आणि सगळ्या खुर्च्यांवर नजर ठेवतात. तोंडानं कात्री चालवतात म्हणा ना. "बाजूनं घे. दाबू नकोस. तो कान त्यांचाच आहे, आपला नाही."

हा आवाज नाहीरावाच्या ओळखीचा होता. याच आवाजाखाली तो धंदा शिकला होता. पेटीवर उभा राहून फेस करायचा तेव्हापासून मानेमागे एकच मंत्र, "कातडी ताण, धाकट्या, कातडी ताण." शिकून झालं, मिशा फुटल्या, लग्न झालं, तरी मंत्र थांबेना. एकदा भर दुकानात गिऱ्हाईकासमोर थोरले त्याच्या हातातला वस्तरा काढून घेऊन म्हणाले, "असं नाही, असं." त्या दिवशी तो अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडला आणि तडकलेल्या आरशाचं दुकान थाटलं. तेव्हा कुठे मानेमागे शांतता झाली. आता ती शांतता जायची वेळ आली होती, आणि एवढी एकच गोष्ट त्याला झोपू देत नव्हती. पोटापाण्याचं काय, ते कुठेही झालं असतं.

"अहो, तळ्यावर एक बोट विकायचीय," एक दिवस बायको म्हणाली.

"नाही."

"अजून सांगितलं कुठे मी?"

ती बहिणीकडे तळ्यापलीकडच्या वस्तीत जाऊन आली होती. आमच्या गावाला खेटून मोठं तळं आहे आणि काठाकाठानं वस्त्या. तिकडे न्हावी नाही. म्हातारी माणसं केस वाढवून ऋषी झालेली. गावात यायचं तर अख्खा दिवस मोडतो. "बहिणीच्या सासऱ्यांनी मला विचारलं," ती म्हणाली, "की तुझा नवरा इकडे नाही का येत? मी म्हटलं, त्याला विचारलं तर नाही म्हणेल. तेव्हा विचारतच नाही, सांगते. बोट बघायला चला."

बोट म्हणजे टोकदार नाव नव्हे. पॉन्टून बोट. खाली जाड पत्र्याची दोन लांबलचक बंद नळकांडी, वर सपाट फळ्यांची जमीन, भोवती कठडा, डोक्यावर ताडपत्रीचं छत, मागे इंजिन. कुणाच्या तरी दिवाणखान्याला भिंतींचा कंटाळा यावा आणि तो तळ्यात निघून जावा, तशी दिसायची. बोटवाला सहलीच्या लोकांना तिच्यावरून फिरवायचा. आता त्याचे गुडघे गेले होते आणि तो मुलीकडे राहायला जाणार होता. नाहीरावानं काठावरून बोटीकडे बघितलं. फळ्यांच्या मधोमध खुर्ची मनातल्या मनात ठेवून बघितली. आरसा कठड्याला टांगून बघितला. आणि पहिल्यांदाच बायकोला उलट उत्तर दिलं नाही. ती घाबरलीच; तिला वाटलं ऊन लागलं.

पण बातमीला पाय असतात. दुसऱ्या दिवशी पुतण्यानं ॲप्रनच्या मापासाठी बोलावलं तेव्हा सलूनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

"काका, ॲप्रन घालून बघा ना," पुतण्या गोड बोलतो, वाईट नाही. नाहीरावानं ॲप्रन हातात घेतला. पट्टीवर त्याचं नाव छापून तयार होतं. तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला.

"ताठ उभा राहा, धाकट्या. पोट आत."

झालं. नाहीरावानं ॲप्रनची घडी घातली आणि ती काउंटरवर ठेवली. "मी बोट घेतोय."

सगळ्या खुर्च्या हसल्या. केसाला रंग लावून बसलेल्या गृहस्थांचा रंग कानावर गेला. थोरले हसले नाहीत. ते स्टुलावरून उतरले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"पाण्यावर वस्तरा चालवणार? लाट आली की गिऱ्हाईकाचा गळा कुठे आणि कान कुठे! आपल्या घराण्याचं नाव आहे काही."

"पाणी कठड्याबाहेर असतं. मी कठड्याच्या आत असेन."

"बरं, मग माझीच दाढी कर," थोरले म्हणाले. "त्या तुझ्या तराफ्यावर, भर तळ्यात. रक्ताचा एक थेंब निघाला तर सोमवारी मुकाट हा ॲप्रन घालायचा."

"आणि नाही निघाला तर?"

"तर तुझ्या कामात मी जन्मात तोंड घालणार नाही."

"भावजी," नाहीरावाची बायको दारातून म्हणाली, "ॲप्रनचं जमेल. हे दुसरं तुमच्याच्यानं नाही व्हायचं."

पैज लागली. थोरल्यांनी त्या दिवसापासून दाढी वाढवायला घेतली. वस्तऱ्याची चांगली परीक्षा व्हायला नको का! ऐन दिवशी त्यांच्या गालांवर पांढरेशुभ्र खुंट असे उभे राहिले होते, की त्यावर काडी ओढली तर पेटली असती.

बोटवाल्याला बिचाऱ्याला कशाचाच पत्ता नव्हता. विकत घेणारं जोडपं येणार, कठड्याला रेलणार, वारा खाणार, "छान आहे हो" म्हणणार, अशी त्याची कल्पना. आली ती हातगाडी, आणि हातगाडीवर लोखंडी पायाची न्हाव्याची खुर्ची. मागे नाहीराव, बगलेत आरसा. त्याच्या मागे बायको, हातात लिंबू, कारण तिला पाणी बघूनच मळमळतं. तिच्या मागे थोरले, खुंटांसकट. आणि त्यांच्या मागे अर्धी गल्ली, कामधाम सोडून.

"हे काय?" बोटवाला म्हणाला.

"चालवून बघायची म्हणालात ना?"

"चालवून, हो. खुर्ची कशाला?"

"मी चालवणार नाही. तुम्ही चालवा. मी दाढी करून बघणार."

खुर्ची मधोमध ठेवून दोरीनं फळ्यांना आवळली. गल्ली काठावर राहिली. पुतण्या मोबाईल उगारून सगळ्यांच्या पुढे उभा. बोटीवर चौघंच. बोटवाला सुकाणूशी, बायको कठड्याशी, थोरले खुर्चीत, आणि नाहीराव चपला काढून अनवाणी.

पहिल्या फेरीत त्यानं वस्तरा काढलाच नाही. नुसता उभा राहिला. सरळ जाताना बोट शहाण्या म्हशीसारखी जायची, अंगात थरथर तेवढी. वळताना मात्र उजवीकडे कलायची. नाहीरावानं तळपायांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून फुगा काढला, फुगवला, त्यावर फेस लावला आणि बायकोच्या हातात दिला. नवशिके न्हावी फुग्यावरच शिकतात. फेस निघाला पाहिजे आणि फुगा राहिला पाहिजे.

एक पट्टा निघाला. दुसरा निघाला. तेवढ्यात बाजूनं एक लाँच भर्रकन गेली, तिच्या लाटा येऊन आदळल्या, आणि फुगा फाट्कन फुटला. फेस बायकोच्या नाकावर.

काठावरून टाळ्या ऐकू आल्या. बोटवाल्यानं डोळे मिटून घेतले. थोरल्यांचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला.

"अजून वेळ गेलेली नाही, धाकट्या," ते म्हणाले. आवाजातली मऊ काळजी नक्की कोणाच्या गळ्याची होती, ते त्यांनाच ठाऊक.

"वेळ नाही गेली. फुगा गेला." नाहीराव बायकोकडे वळला. "तू पाण्याकडे बघ. लाट दिसली की ओरड. मी वस्तरा उचलीन."

"मला तिकडे बघितलं की पोटात ढवळतं हो."

"लिंबू हुंग आणि बघ."

आणि तिनं बघितलं. लिंबू नाकाशी घट्ट धरून, डोळे पाण्यावर रोखून ती कठड्याशी उभी राहिली, एखाद्या फौजदारासारखी. नाहीरावानं थोरल्यांच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. ब्रश फिरवला. चांगला दाट फेस केला. मग एक मांडी खुर्चीच्या दांड्याला टेकवली, म्हणजे खुर्ची हलली तर तोही तिच्याबरोबर हलेल, आणि वस्तरा उघडला.

"आली!" बायको ओरडायची. वस्तरा हवेत. लाट खालून जायची, खुर्ची, थोरले, नाहीराव सगळे मिळून एक झोका घ्यायचे. "गेली!" वस्तरा परत गालावर. आली, गेली. आली, गेली. बोटवाला सुकाणू असं धरून होता की जणू दुधाचं भांडं नेतोय. उजवा गाल मोकळा झाला. कानाजवळचा अवघड कोपरा झाला. काठावरच्या टाळ्या थांबल्या होत्या. नाहीरावाच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण आत काहीतरी गाऊ लागलं होतं. थोरल्यांच्या गालाची जुनी, सैल कातडी त्याच्या अंगठ्याखाली होती आणि मानेमागे कुणीच नव्हतं. होता तो नुसता वारा.

वस्तरा हनुवटीपाशी आला. लाट नव्हती. लाँच नव्हती. पाणी आरशासारखं.

आता बघा, दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर गप्प बसलं असतं. डॉक्टर बसला असता, वकीलसुद्धा बसला असता. पण खुर्चीत होता न्हावी, आणि वस्तरा होता दुसऱ्या न्हाव्याच्या हातात. थोरल्यांनी किती वेळ धीर धरला हेच नवल. हनुवटीच्या वळणावर त्यांना राहवेना.

"कातडी ताण, धा..."

त्या 'धा'ला जबडा हलला आणि वस्तरा टोचला. बारीकसा लाल मणी आला, क्षणभर थांबला आणि पांढऱ्या कापडावर पडला.

"निघालं!" थोरले ओरडले. "रक्त! रक्त निघालं!" स्वतःचं रक्त बघून इतका आनंदलेला माणूस आजवर कुणी पाहिला नसेल.

"तुम्ही बोललात म्हणून निघालं!" बायकोनं लिंबू उगारलं. "हे काही धरायचं नाही. सांगा ना हो त्यांना!"

बोटवालाही म्हणाला, "मी बघितलं. बोट हलली नव्हती." त्याला बोटीची अब्रू होती.

नाहीराव त्या डागाकडे बघत राहिला. खरं तर त्याला भांडता आलं असतं, आणि भांडणात तो कच्चा नाही. पण गिऱ्हाईकं बोलतातच. शिंकतात, खोकतात, सुनेच्या आठवणीनं दात खातात. चिरलं की चिरलं. कोणामुळे, हे विचारणारा न्हावी त्याला कधीच आवडला नव्हता.

"रक्त ते रक्त," तो म्हणाला. तुरटी काढून त्यानं जखमेवर दाबली, वस्तरा पुसला, मिटला आणि खिशात टाकला. "हरलो. बोट काठाला घ्या."

बोटवाल्यानं खिन्नपणे सुकाणू वळवलं. बोट उजवीकडे कलली, सरळ झाली, काठाकडे निघाली. थोरले विजयी चेहऱ्यानं मागे रेलले आणि गालावरून हात फिरवला. उजवा गाल लोण्यासारखा. मग डावीकडे हात गेला, आणि फेसात बुडाला.

"अरे, आणि ही बाजू?"

"ती सोमवारी."

"सोमवारी? आत्ता कर की!"

"आत्ता कोणत्या नात्यानं करू?" नाहीराव शांतपणे म्हणाला. "माझं दुकान पाडलं. बोट मिळाली नाही. तुझ्याकडे सोमवारपासून. आज मी न्हावीच नाही, दादा. मी आज नुसता तुझा धाकटा."

थोरल्यांनी कापडानं फेस पुसून टाकला. त्यानं काय होणार? उजवीकडे गुळगुळीत गाल, डावीकडे आठवडाभर खतपाणी घालून वाढवलेले पांढरे खुंट. बायकोनं तत्परतेनं आरसा समोर धरला. "बघून घ्या भावजी. एका बाजूनं लग्नाला जाता येईल, एका बाजूनं मयताला."

काठ जवळ येत होता. गल्ली आता नीट दिसत होती, आणि पुढे पुतण्याचा मोबाईल. सलूनच्या जाहिरातींसाठी पुतण्या दिसेल ते चित्रित करतो, आणि सलूनच्या मालकाचा बाप अर्धी दाढी घेऊन बोटीतून उतरतोय, हे चित्र गावात चहाआधी पोचलं असतं.

"हळू घ्या हो जरा," बायको बोटवाल्याला म्हणाली. "भावजींना विचार करायचाय."

बोटवाल्यानं इंजिन इतकं मंद केलं की बोट विचारच करायला थांबल्यासारखी झाली.

"तू मला पेचात धरतोस?" थोरले गुरगुरले.

"नाही."

"मग काय चाललंय?"

"पैज पाळतोय. तुझीच पैज."

थोरले काठाकडे बघत राहिले, मग आरशाकडे. परत काठाकडे. शेवटी कोंडलेली वाफ निघावी तसे म्हणाले, "बरं, ॲप्रनचं राहू दे."

"राहू दे म्हणजे? मंगळवारी घालू?"

"कधीच घालू नकोस! मर तिकडे तुझ्या पाण्यात!"

"आणि पैज?"

"गेली खड्ड्यात!"

"इथे खड्डा नाही, तळं आहे," बायको म्हणाली. "आणि बोटवाल्यांना इंजिनामुळे ऐकू आलं नाही."

"पैज मागे घेतली!" थोरले एवढ्यानं ओरडले, की काठावर शब्द नाही तरी आवाज पोचला.

नाहीरावानं खिशातून वस्तरा काढला. "बोट परत आत घ्या," तो म्हणाला. "गिऱ्हाईकाला चारचौघांत संकोच वाटतोय."

डावा गाल त्यानं घाई न करता केला. नवा फेस, नवं पाणी. बायको लाटा मोजायला उभीच होती. आली, गेली. थोरले या खेपेला मूग गिळून बसले होते. एकदा हनुवटीपाशी त्यांचा घसा हलला, शब्द वर आला, ओठांपर्यंत पोचला. नाहीरावानं वस्तरा उचलून धरला आणि वाट बघितली. थोरल्यांनी शब्द गिळला. मग त्यानं अंगठ्यानं कातडी ताणली, अगदी लहानपणी सांगितली होती तशीच, आणि शेवटचा पट्टा काढला.

काठाला लागल्यावर थोरले सगळ्यांच्या आधी उतरले. गाल लोण्यासारखे, चाल सरदारासारखी. पण हनुवटीवरचा लाल ठिपका पुतण्यानं हेरलाच.

"बाबा, रक्त! म्हणजे काका हरले!"

गल्ली पुढे सरकली. थोरल्यांनी हनुवटीवर रुमाल दाबला. काय सांगणार? खरं सांगावं तर अर्धी दाढी सांगावी लागणार.

नाहीराव कठड्याशी उभा राहिला. "हो, हरलो," तो ठणकावून म्हणाला. "भर तळ्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हरलो. आणि सोमवारी पलीकडच्या वस्तीत पहिली दाढी आहे, मेहुणीच्या सासऱ्यांची. कुणाचं काही म्हणणं आहे?"

म्हणणं पुष्कळांचं होतं. हरला तर बोट कशी, शब्दाला किंमत आहे की नाही, यावर गल्लीत त्या संध्याकाळपासून दोन तट पडले ते आजतागायत आहेत. आणि ज्यांचे नियम सगळ्यांत कडक, तेच आता काठावर उभे राहून बोटीला हात करतात, कारण गुडघे दुखतात आणि दाढी वाढते. तोंडावर मात्र कुणी काही बोललं नाही. खिशात वस्तरा असलेल्या माणसाशी काठावरून वाद घालणं शहाणपणाचं नव्हे.

"मग घेताय ना?" बोटवाल्यानं हळूच विचारलं.

"उजवीकडे कलते," नाहीराव म्हणाला. "आधी ते नीट करून द्या."

हातगाडीवाला बोटीवर चढून खुर्चीची दोरी सोडायला वाकला.

"ए," नाहीराव म्हणाला, "गाडी रिकामी ने."